वाद्य : तारापूर

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या निकालाला जोडलेला एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, 'खुला ऐच्छिक विषय : संगीत. वाद्य : तारापूर.' खाली प्राचार्यांची सही आहे, कॉलेजचा गोल शिक्का आहे, म्हणजे आता ते खरंच आहे. जगात सतार आहे, सनई आहे, संबळ आहे, आणि आमच्या कॉलेजच्या कृपेने तारापूर नावाचं एक वाद्य आहे. ते वाजवणारा सबंध पालघर जिल्ह्यात मी एकटाच.

चूक माझीच होती. फॉर्म मोबाईलवर भरायचा होता आणि यादीत हार्मोनियम, तबला, बासरी, गिटार असं करत करत सगळ्यांत खाली 'इतर (नमूद करा)' होतं. आम्ही पाड्यातले बहुतेक ठिकाणी इतरच असतो, त्यामुळे तिथपर्यंत अंगठा आपोआप गेला. मी बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात कोंबून बसलो होतो, शेजारचा कामगार हिंदीत कुणाला तरी 'पहुंच रहा हूं' म्हणून ओरडत होता, नेटवर्क येत-जात होतं. मी इंग्रजी अक्षरांत 'तारपा' टाइप करायला घेतलं आणि फोनने वर स्वतःहून 'तारापूर' सुचवलं. आमच्याकडच्या फोनांना तारापूर, म्हणजे शेजारची कारखान्यांची वसाहत, तोंडपाठ असतं. कुणी कंपनीचा पत्ता टाकतं, कुणी नोकरीचा अर्ज, कुणी गावाकडच्या माणसाला खोलीचा ठिकाणा. माझा अंगठा त्यावर पडला, तोच अंगठा 'सबमिट'वर पडला आणि रिक्षा खड्ड्यातून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणाले, "फॉर्म लॉक झालाय. आता काही होत नाही." ते खोटं बोलत नव्हते, खरंच काही झालं नाही.

तारपा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला ताडाची पानं गुंडाळून केलेला लांबलचक कर्णा. सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. वाजवणारा तो पोटाशी धरून वाजवतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा आमचा नियम आहे. तारपा वळला की फेर वळतो, तारपा थांबला की पाय थांबतात. म्हणून तो थांबायचा नसतो.

आमचा पाडा बेटेगावच्या पुढे, रस्ता सोडून आत. बाबांचा तारपा बाबांनीच केलेला होता. ते उताराच्या तुकड्यावर पावसाळ्यात भात लावायचे आणि लावणी उरकली की उरलेलं वर्ष औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर गोण्या चढवायचे-उतरवायचे. कंपनीत त्यांना कुणी तारपावाला म्हणून ओळखत नव्हतं. पाड्यात मात्र लग्नाच्या गप्पा निघाल्या तरी माणसं 'अमक्या वर्षी तुझ्या बाबानं वाजवला तवां' अशी सुरुवात करायची. मला त्या वेळी त्याचं काही वाटायचं नाही. मी कबड्डीवाला होतो.

हे जरा मिरवून सांगू द्या. आश्रमशाळेत पाचवीपासून मी चढाईला जायचो, आणि माझी ख्याती होती ती दमासाठी. कबड्डीत दम म्हणजे 'कबड्डी कबड्डी' हा जो घोष करत चढाईपटू समोरच्या अंगणात शिरतो, तो. एका श्वासात, न थांबता, पंचाला ऐकू जाईल इतका स्पष्ट. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, आणि दम तुटला की बाद. आमच्या मैदानावर निम्मी माती आणि निम्मे खडे होते, गुडघ्याची साल वर्षभर भरून येत नसे, पण माझा दम कधी तुटला नाही. शाळेतले सर म्हणायचे, "याच्या फुप्फुसात दुसरी खोली आहे." मी ते वाक्य बारावीपर्यंत खिशात घालून फिरलो.

दर वर्षी भात निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की बाबा भिंतीवरून तारपा उतरवायचे. त्याआधी नाही. भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून काडीच्या पोटात असताना आमची धान्याची देवी कणसरी पोटुशी असते, तिच्या कानावर तारपा घालायचा नाही, हा आमच्या पाड्याचा रिवाज. तारपा पुसत पुसत बाबा दर वर्षी विचारायचे, "शिकतंस का?" आणि मी दर वर्षी सांगायचो, "प्रॅक्टिस हाय." सहावीत सांगितलं, आठवीत सांगितलं, दहावीत बोर्डाचं निमित्त होतं. ते पुन्हा कधी आग्रह करायचे नाहीत. आग्रह केला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, पण हेही मी माझ्या सोयीचंच म्हणतोय.

मग मी कॉलेजात आलो आणि नवीन शैक्षणिक धोरण माझ्या मागोमाग आलं. या धोरणावर माझी मतं आहेत आणि ती मला कुणी विचारलेली नाहीत, म्हणून इथे सांगतो. धोरण मला आवडलं होतं. अजूनही आवडतं. पहिल्याच आठवड्यात सभागृहात बसवून आम्हाला सांगितलं की संगीत आणि खेळ आता अवांतर नाहीत, त्यांचेही क्रेडिट मिळणार, वाणिज्य शाखेच्या मुलाने गाणं घेतलं तरी ते पदवीत धरलं जाणार. मी आयुष्यभर जे करत आलो ते 'अवांतर' होतं हे मला तोवर माहीत नव्हतं, पण आता ते नाही हे ऐकून बरं वाटलं. शेजारच्याला मी म्हटलंही, की गड्या, आपल्यासाठी कुणीतरी विचार केलाय.

विचार केला होता, हे मी आजही मान्य करतो. फक्त विचार सभागृहापर्यंत आला आणि मैदानापर्यंत गेला नाही. मैदानाच्या अर्ध्या भागात प्राध्यापकांच्या गाड्या आणि उरलेल्यात नव्या इमारतीची खडी. खेळाच्या क्रेडिटसाठी आम्ही वर्गात बसून खेळाचे फायदे लिहिले. संगीताला एक मॅडम पालघरहून आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या जीव तोडून शिकवायच्या, पण एक पेटी आणि साठ मुलं, त्यामुळे पेटीला हात लावायला माझा नंबर गणपतीत लागणार होता. भारतीय ज्ञानपरंपरेच्या तासाला पडद्यावर स्थानिक वाद्यांचे फोटो आले, त्यात तारपाही आला, उलटा. भोपळा खाली, कर्णा वर. मी हात वर केला. सर म्हणाले, "शंका शेवटी." शेवट आला तेव्हा घंटा झाली.

आणि कौशल्याच्या नावाखाली आम्हाला कारखान्यांच्या वसाहतीत प्रशिक्षणाला पाठवणार असं ठरलं, तेव्हा बाबा जेवताना म्हणाले, "कंपनीतच धाडायचा होता तर येवढा शिकवला कशाला? माझ्यासंगं आला असतास." ते हसत म्हणाले. मीही हसलो. आईला हसू आलं नाही.

तर मी वाद्य म्हणून तारपा निवडला, तो का? कुणाला सांगताना मी परंपरा, मुळं, ओळख असे शब्द वापरलेत. खरं कारण असं की पेटीला नंबर लागत नव्हता आणि तारपा घरी होता. दोन क्रेडिट घरात भिंतीवर टांगलेले होते.

बाबांना मी आषाढात सांगितलं, "मला तारपा शिकवा." ते खाचरातून आले होते, पोटरीपर्यंत चिखल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटायला हवी होती. त्यांना वाटलं, पोरगं वळलं. मी लगेच पुढे म्हणालो, "मार्क असतात त्याला. गणपतीच्या आधी परीक्षा आहे."

"गणपतीच्या आधी भात निसवतो का?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"मंग?"

मग काही नाही. धोरण लिहिताना भात कधी निसवतं हे कुणी धरलं नव्हतं, आणि भाताला धोरण माहीत नव्हतं. मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी परसातल्या पपईचं एक पान तोडलं, त्याचा पोकळ देठ वीतभर कापला, तांब्यात पाणी घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "तारपा नंतर. पयला दम."

मला हसूच आलं. दम? मला? मी देठ तोंडात धरला, छाती भरून घेतली आणि पाण्यात फुंकत राहिलो. बुडबुडे आले, येत राहिले, पुष्कळ वेळ आले. मग श्वास संपला आणि थांबले. मी वर पाहिलं, शाबासकीसाठी.

"तुटला," बाबा म्हणाले. "परत."

त्यांनी देठ माझ्या हातातून घेतला आणि फुंकायला लागले. गाल फुगलेले, डोळे दाराबाहेरच्या कोंबडीवर. बुडबुडे येत होते. कोंबडी गेली. आईने चूल पेटवली. एक एसटी लांबच्या रस्त्याने वर चढून गेली, तिचा आवाजही गेला. बुडबुडे येतच होते. कुठेतरी मधेच त्यांचं नाक जरासं हलायचं, एवढंच. गालात साठवलेली हवा तोंडाने सोडायची, त्याच वेळी नाकाने आत घ्यायची. फुंकणाऱ्याने श्वास घेतला कधी हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

"तुला दम धरता येतो," बाबा म्हणाले. "घेता येत नाय."

हे वाक्य मला लागलं, कारण पाचवीपासून मी जे कमावलं होतं ते त्यांनी एका फुंकरीत खोडून टाकलं होतं. पण हट्ट माझाही कमी नाही. निम्मा आषाढ आणि अख्खा श्रावण मी रोज तांब्यापुढे बसलो. बाबा पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे, उंबऱ्यावर बसायचे. माझे बुडबुडे थांबले की तिथूनच, न बघता, 'परत' म्हणायचे. दिवसभर गोण्या उचललेला माणूस, जेवायच्या आधी एक तास पोराचे बुडबुडे ऐकत बसायचा. आमच्यात त्याआधी आणि त्यानंतरही इतकं बोलणं कधी झालं नाही, आणि बोलणं म्हणजे तो एकच शब्द. मला ते दिवस परत हवेत. दुसरं काही नको, उंबऱ्यावरून तो एक शब्द हवा.

श्रावणाच्या शेवटी जिल्हा निवड चाचणी पालघरला होती. कबड्डीची. या एका दिवसासाठी मी तीन वर्षं थांबलो होतो. मॅटवर खेळायचं होतं, त्यासाठी मित्राचे बूट मागून आणले होते, एक नंबर मोठे. कोळगावच्या रस्त्याने जाताना जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या त्या मोठाल्या पांढऱ्या इमारती दिसल्या आणि मला वाटलं, आज आपलंही काहीतरी इथे कुठल्या तरी कागदावर चढणार.

तिसऱ्या चढाईत मी आत होतो. कोपरारक्षकाला शिवलं होतं, मध्यरेषा दोन पावलांवर, मागे कुणी नाही. तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली आणि हात वर केला. दम तुटला. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आयुष्यात मला कुणी हे म्हटलं नव्हतं. पंच शांतपणे म्हणाले, "बाळा, नाकाने घेतलास. मला दिसलं." आणि ते खरं होतं. दीड महिना तांब्यापुढे बसून माझं नाक आपलं आपण घ्यायला शिकलं होतं. कबड्डीत दम घ्यायचा नसतो, तारप्यात घेतल्याशिवाय चालत नाही. दोन्हीकडे शब्द एकच, आणि माझ्या अंगाने भलतीकडचा अर्थ भलतीकडे लावला. पुढच्या दोन चढायांना मी नाकाचाच विचार करत गेलो आणि दोन्हीला पकडला गेलो. यादीत माझं नाव नव्हतं.

घरी येऊन मी बाबांवर ओरडलो. "तुमच्यामुळं गेला. तुमच्या त्या पपईच्या देठामुळं." ते उंबऱ्यावर बसले होते, माझीच वाट बघत. त्या दिवशी तांब्या कुणी भरला नाही. आई म्हणाली, "जेव आधी." मी जेवलो नाही.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, कबड्डी तर गेली, निदान मार्क तरी जाऊ नयेत. बाबा सकाळच्या पाळीला गेले, आई खाचरात तण बेणायला गेली, आणि मी भिंतीवरून तारपा उतरवला. भात पोटरीत होतं. दारातून दिसत होतं मला ते, हिरवंगार, फुगलेलं. मी तारपा चादरीत गुंडाळला आणि रस्त्याला लागलो. रिक्षावाल्याने विचारलं, "ये क्या है भाई?" मी म्हणालो, "प्रोजेक्ट." रस्त्यात पाड्यातलं कुणी भेटू नये म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो.

परीक्षक बाहेरून आलेले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तारापूर? हे कुठलं वाद्य?" मॅडमनी हसू दाबलं. मी चादर सोडली. मागची मुलं उठून उभी राहिली, कारण तारपा कुणी बाकावर ठेवलेला बघितला नव्हता, आणि बाकावर तो फार लांब दिसतो. मी वाजवला. सुरुवात बरी झाली. मग पहिल्यांदा तुटला, मी खोकल्यासारखं करून पुन्हा धरला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी तिथेच थांबलो आणि वाकून नमस्कार केला, जणू तेवढंच होतं ते. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. "अप्रतिम," म्हणाले. "हे जपलं पाहिजे." मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं त्यांनी ते दिले आणि मी घेतले, आणि येताना रिक्षात मला माझीच इतकी चीड आली की मी बेटेगावलाच उतरलो आणि उरलेला रस्ता चालत आलो.

बाबा घरी आले होते. भिंत रिकामी होती आणि ते भिंतीकडे बघत बसले होते. मी तारपा त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं आता काय ते होऊ दे. आई चुलीपाशी उभी होती. बाबांनी तारपा उचलला, सांध्यांचं मेण अंगठ्याने दाबून बघितलं, कर्णा फिरवून बघितला. मग विचारलं, "दम तुटला का?"

"तीनदा," मी म्हणालो.

ते उठले. मग म्हणाले, "तीनदा तुटला, मंग तू वाजवलाच नाय. कणसरीनं काय ऐकला नसंल." आणि त्यांनी तारपा परत भिंतीवर टांगला.

याहून मोठी माफी मला कुणी दिलेली नाही, आणि याहून कडक निकालही. पैकीच्या पैकीचा कागद नंतर आला. त्यावरचं 'तारापूर' मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "बराबर तं हाय. तारापूर पण वाजतोच. दिवसातनं तीनदा भोंगा. त्याचा दम कदी तुटत नाय." हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं. त्या वेळी मी त्या खोकल्याकडे खोकला म्हणूनच पाहिलं.

भात निसवलं. बाबांनी तारपा उतरवला, पुसला आणि विचारलं, "शिकतंस का?" या वेळी मी हो म्हणालो. तीन संध्याकाळी आम्ही बसलो. पहिल्या दोन गेल्या नुसती बोटं बसवण्यात. तिसऱ्या दिवशी पाड्यातल्या पाचसहा जणी एकमेकींच्या कमरेला हात घालून उगीच गंमत म्हणून उभ्या राहिल्या, आणि मी अर्धा फेर वाजवला. अर्धा. मग तुटला आणि सगळ्यांचे पाय अडखळले. बायका हसल्या. बाबांनी तारपा घेतला आणि जिथे माझा तुटला होता बरोबर तिथून तो उचलला, जसा काही मधे कुणी थांबलंच नव्हतं. फेर सुरू झाला. मी फेरात शिरलो. तारप्याकडे तोंड करून, म्हणजे बाबांकडे तोंड करून नाचलो. त्यांचे गाल, ते जरासं हलणारं नाक, आणि डोळे मिटलेले. मी मोबाईल काढला नाही याचं मला कधी वाईट वाटतं, कधी बरं वाटतं.

चौथ्या दिवसापासून माझी सत्राची परीक्षा होती. मी म्हणालो, "दिवाळीनंतर." दिवाळीनंतर भात झोडायचं होतं. मग मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." बाबा म्हणाले, "बरा." त्यांनी कधी आग्रह केला नाही.

थंडीत खोकला वाढला. विडीमुळे म्हणा, कंपनीतल्या धुळीमुळे म्हणा, आधीचंच काही छातीत होतं म्हणा, पालघरच्या डॉक्टरांनी नक्की काही सांगितलं नाही. जोर लागेल असं काही करायचं नाही एवढं सांगितलं. गोण्या बंद झाल्या. फाल्गुनात ते उंबऱ्यापर्यंत आले तरी दम लागायचा. हा त्या शब्दाचा तिसरा अर्थ, तो मला शिकायचा नव्हता. चैत्रात एका सकाळी, आई पाणी आणायला गेली असताना, ते गेले. मी कॉलेजात होतो. ज्ञानपरंपरेच्या तासाला हजेरी लागत होती.

माझं आता शेवटचं वर्ष आहे. धोरणाबद्दल माझं मत अजून वाईट नाही. कुणीतरी संगीत आणि खेळ पुस्तकांच्या शेजारी आणून बसवले, यासाठी मी त्यांना दुवाच देतो. फक्त त्या यादीत 'इतर'च्या खाली अजून एक रकाना हवा होता, 'शिकवणारा कोण, आणि त्याच्याकडे किती दिवस आहेत' असा. तो असता तर मी खरं लिहिलं असतं का, माहीत नाही. मी क्रेडिटसाठी गेलो नसतो तर मला त्या दीड महिन्याच्या संध्याकाळी मिळाल्याच नसत्या, हेही तितकंच खरं आहे. म्हणून मी भांडायला गेलो तरी धड भांडता येत नाही. कबड्डी मी अजून खेळतो, पाड्यातल्या पोरांबरोबर, खड्यांवर. कधी मधेच नाकाने घेतला जातो. मी स्वतःच बाद होऊन बाहेर येतो.

आता भाद्रपद आहे. कॉलेजातून आलो की आधी खाचरावर जातो. भाताची उभी काडी मुठीत धरून चाचपतो. पोटरी फुगलेली लागते. लोंबी अजून बाहेर नाही. तारपा भिंतीवर आहे, मेण मी पावसाआधीच नीट दाबून ठेवलंय, त्याला हात लावत नाही. एकदा लावला तेवढा पुरे.

घरी येऊन पपईचा देठ कापतो, तांब्यात पाणी घेतो आणि बसतो. काल बसलो तेव्हा कोंबड्या अंगणात होत्या. त्या गेल्या. आईने चूल पेटवली, भात शिजला, तिने पातेलं खाली उतरवलं. लांबच्या रस्त्याने एसटी चढून गेली. बुडबुडे येतच होते. कधी घेत होतो ते माझं मलाही कळत नव्हतं. शेवटी मीच देठ बाजूला ठेवला आणि सवयीने उंबऱ्याकडे पाहिलं.

आईने ते बघितलं. ती ताटात भात वाढत होती. इतक्या वर्षांत तिने या बाबतीत कधी एक शब्द काढला नव्हता. मान वर न करता तिने विचारलं, "दम तुटला का?"

'नाय', एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणताना तुटला.